डावीकडचा ब्रेक

रवि. १८ सप्टें.

वारज्याला जाऊन आलो. सोपानच्या फाटकाबाहेर मोटरसायकल नेहमीसारखी रेस केली, दोन्ही सायलेन्सरमधून पोटभर धूर सोडला. इतकी वर्षं या धुरावर त्याचं उत्तर ठरलेलं. "आली का डासांची फवारणी! दारं लावून घ्या रं."

आज पोर्चमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून होता. तोंड माझ्याकडं, नजर कुठंच नाही.

मीच बडबडत राहिलो. "काय पाटील, तुमची धडधडी तेल गळायची थांबली म्हणे. म्हणजे तेल संपलं असणार." पूर्वी या एका टोमण्याला दोन उलट यायचे. आज तोंडाच्या कडेनं लाळ तेवढी आली. स्वातीनं, त्याच्या सुनेनं, पदरानं टिपली. पोरगी गुणाची आहे.

जूनमध्ये झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणते, आवडीच्या विषयावर बोलत राहा. आवडीचा विषय म्हणजे माझ्याशी भांडण. दुसरा कुठला होता त्याला?

निघताना नितीन, त्याचा मुलगा, फाटकापर्यंत आला. "काका, अण्णांची गाडी देऊन टाकतोय. हिंजवडीचा एक जण मागतोय. आत्ता पितृपक्षात नको म्हणाला, दसऱ्याला नेतो."

"सोपानला विचारलंस?"

"काय विचारू? अण्णा आहेत का हो त्याच्यात, काका?"

मग तोच म्हणाला, "तुम्हाला एकदा फवारणी म्हणू द्या त्यांना. नाय विकत. शप्पथ."

मंगळ. २० सप्टें.

दोन दिवस डोक्यात तेच.

आमच्या चहाच्या कट्ट्यावर दोन झाडं. चिंचेखाली सोपानसारखे जड गाडीचे धडधडवाले, कडुनिंबाखाली आम्ही धूरवाले. इकडची गाडी तिकडं लावायची नाही. आणि एकमेकांच्या गाडीवर बसायचं तर नावच नाही. बसला तो सगळ्या कट्ट्याला चहा पाजणार, आणि वर जन्मभर ऐकून घेणार. चहाचं काही नाही, ऐकून घेण्याला सगळे भ्यायचे.

एकदा शिरवळच्या अलीकडं माझ्या गाडीची चेन तुटली. सोपान मागून येत होता. "बस मागं" असं तो म्हणाला नाही, "बसतो" असं मी म्हणालो नाही. माझ्या गाडीच्या फुटरेस्टला पाय लावून ढकलत आणलं त्यानं घाट चढून पार पुण्यापर्यंत. वाटेत एकच वाक्य: "धडधडीला आज पयल्यांदाच नांगराला जुंपलीय." दोन दिवस लंगडत होता. पण रीत मोडली नाही.

धडधडवाले म्हणजे जमीन विकून सोन्याची साखळी केलेले, अक्कल सायलेन्सरमध्ये. असं आम्ही म्हणायचो. सो.च्या गळ्यात साखळी कधी नव्हती, तुळशीची माळ होती. आणि आम्ही धूरवाले म्हणजे पेठेतले चिक्कू, उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे. हे मात्र खरं. मी अजून करतो.

गुरु. २२ सप्टें.

सौ. म्हणाली, "अहो, आजारी माणसाला टोमणे कसले मारता? देवाचं काही वाचून दाखवा." तिला कसं सांगू. सातवीपर्यंतचं शिक्षण माझं, उरलेलं सगळं मार्केट यार्डात गाळ्यावर वजनं करताना रद्दीतली पुस्तकं वाचून. सो. माझ्याकडं मिरची घालायला यायचा. पहिलं बोलणंच गाडीवरून. "ही तुझी? दोन नळ्या कशाला, एकीनं भागत न्हाय व्हय?" त्यानंतर आजतागायत सरळ बोललोच नाही एकमेकांशी. त्याची बायको गेली तेव्हासुद्धा दहाव्याला घाटावर शेजारी बसून त्यानं एवढंच विचारलं, "तुझा धूर वाढलाय का रं? डोळ्यात जातोय." मी हो म्हटलं. गाडी तर फर्लांगभर लांब उभी होती.

आता देवाचं वाचलं तर त्याला वाटेल आपण चाललो.

रवि. २५ सप्टें. सर्वपित्री.

गेलो. फवारणी केली. काही नाही.

हिंजवडीचा मुलगा आज नुसती बघायला आलेला. सभ्य आहे. कंपनीतला, दाढी राखलेली. "वॉव, ओरिजिनल गिअर राइट साइडला! आता असं मिळत नाही." मग माझी गाडी बघून हसला. "ओह, तुम्ही टू-स्ट्रोकवाले! काका, आमच्या ग्रुपवर तुमच्यावर लई मीम्स असतात." म्हणजे काय ते नितीननं सांगितलं. भांडण आमचंच, पण यांनी ते न बघितलेल्या माणसांशी घातलंय. मोबाईलवर. चहासुद्धा नाही.

त्याला चालू करून बघायची होती. त्याची किक बसेना, नितीनची बसेना. "काका, तुम्हाला माहिती असंल ना?" माहिती आहे. टाकीपुढचा काटा मध्यावर आणायचा, इंजिनातली हवा सोडायचा तो बारका दांडा दाबून किक हळू खाली घ्यायची, सोडायची, मग अंग टाकून एकच. हजारदा बघितलंय. बघणं निराळं आणि करणं निराळं. किक उलटी आली ती नडगीवर. डोळ्यांपुढं तारे.

कट्ट्यावर हे झालं असतं तर सो.नं वर्षभर पुरवलं असतं. मी नडगी धरून त्याच्याकडं बघितलं. तो कुंडीकडं बघत होता. कुंडीत काही नव्हतं, वाळलेली माती.

शेवटी गाडी बघूनच मुलानं विसार दिला.

बुध. २८ सप्टें.

नडगी टम्म. सौ. हळद लावताना: "घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं." वर पुन्हा, "घोडं तरी शत्रूचं!"

हसलो दोघंही. मग ती म्हणाली, "सोपानभावजी आता बरे होणार नाहीत का हो?" मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिला पन्नास वर्षांत कळतंच.

कट्ट्यावर आता कडुनिंबाखाली मी एकटा. चिंच तोडली, तिथं मोबाईलचं दुकान झालं. मी आपला गाडी कडुनिंबाखालीच लावतो.

शुक्र. ३० सप्टें.

एक सुचलंय. टोमण्यानं उठत नाही, तर रागानं उठेल. त्याच्यादेखत त्याच्या गाडीवर बसायचं. रीत मोडायची. याच्याहून मोठी शिवी माझ्याजवळ नाही. एवढ्यानंही जो उठणार नाही तो—

सौ.ला सांगितलं नाही.

रवि. २ ऑक्टो.

बसलो.

नितीननं प्लग साफ करून घेतला होता, तिसऱ्या किकला सुरू झाली. तो आवाज. पोटात ढोल वाजल्यासारखा. खोटं कशाला लिहू, बरा आहे आवाज. हे सो.ला मी मेलो तरी सांगणार नाही.

खुर्चीपुढून मुद्दाम हळू नेली. "पाटील, बघा! फवारणीवाला धडधडीवर बसलाय! चहा सांगा सगळ्यांना!" गल्लीच्या टोकाला वळून परत आलो. फाटक जवळ आलं आणि माझ्या पायानं घात केला. आयुष्यभर उजव्या पायानं ब्रेक दाबलेला. या गाडीला उजवीकडं गिअर, ब्रेक डावीकडं. मी उजवा दाबला. थांबायची ती हिसका देऊन पुढं. फाटक, कुंड्या, मी. गाडी अंगावर नाही आली ही देवाची कृपा.

फरशीवर आडवा. डोळ्यांसमोर सो.च्या खुर्चीची चाकं, आणि त्याच्या डाव्या पायाची चप्पल खाली पडलेली. मान उचलून बघितलं. चेहरा तसाच. राग नाही, हसू नाही.

नितीन मला उठवता उठवता रडायलाच लागला. "काका, पुरे करा आता. तुम्हाला काय झालं असतं म्हणजे?" स्वातीनं चप्पल उचलून अण्णांच्या पायात घातली. मला चहा दिला, निम्मा बशीत सांडला.

धडधडीचा हँडल जरा वाकला, तो दोघांनी मिळून सरळ केला. माझा खांदा राहिला तसाच.

चहा मी पाजायला हवा आता. कुणाला पाजू?

मंगळ. ४ ऑक्टो.

खांदा दुखतो. सौ. बोलत नाही. बोलत नाही म्हणजे वाढते, पण ताट जोरात ठेवते.

मीही मनातून सोडलंय. सोपान गेलाय. खुर्चीत त्याचं घर बसलंय, मालक नाही.

बुध. ५ ऑक्टो. दसरा.

सकाळी घरी माझ्या गाडीची पूजा. मग वारज्याला. खांद्यामुळं रिक्षानं गेलो. वाटेत झेंडूचा एक जास्तीचा हार घेतला. शत्रूची गाडी असली म्हणून काय, दसऱ्याच्या दिवशी हाराशिवाय घराबाहेर जाऊ नये.

धडधडीला स्वातीनं धुऊन काढलेली. हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबू. तो मुलगा मित्राबरोबर आला होता. पेढे आणले होते बिचाऱ्यानं. "काका, टेन्शन घेऊ नका, फुल रिस्टोअर करणार. मॅट ब्लॅक करणार." सो.नं तिचा हिरवा रंग कधी बदलू दिला नव्हता.

मित्रानं किक मारली. लागली. गाडी हळूहळू फाटकाकडं निघाली. मी सो.च्या खुर्चीजवळ उभा. त्याच्या हातात मी आपट्याची पानं ठेवली होती, ती घसरून मांडीवर आली, म्हणून वाकलो. तेव्हा दिसलं.

डावा पाय. खुर्चीच्या पायटीवर टाच टेकलेली आणि चवडा खाली दाबत होता. जोर लावून. पोटरी ताठ झालेली, चप्पल निसटून पडली. गाडी फाटकातून वळेपर्यंत दाबून धरलेला. आवाज लांब गेला, पाय सैल.

मी ओरडलो, "नितीन, थांबव त्यांना! ब्रेक मारतोय हा!" नितीन धावत आला. स्वाती म्हणाली, "काका, आखडतात हो पाय त्यांचे. दिवसातनं कैकदा होतं. चप्पल मी किती वेळा उचलते." नितीननं खुर्चीपाशी बसून विचारलं, "अण्णा? गाडी ठिवायची का? पाय दाबा. एकदा दाबा नुसता."

पाय गार, सैल, पडलेला.

पुन्हा विचारलं. मग नितीन उठला, माझ्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि घरात गेला. त्याची तरी काय चूक.

रविवारी मी पडलो तेव्हाही चप्पल डाव्याच पायाची पडलेली होती.

शुक्र. ७ ऑक्टो.

व्यायामवाल्या मुलीला फोन केला. म्हणाली, आजोबा, असं होऊ शकतं. म्हटलं, होऊ शकतं म्हणजे आपोआप का मनानं? म्हणाली, दोन्ही. सांगता येत नाही.

नितीनशी बोललो. त्यानं हिंजवडीच्या मुलाला विचारून बघितलं. गाडी खोलून टाकलीय म्हणे, रंगाला टाकी गेली. "तरी पण काका, तुम्हाला खात्री असंल तर मी जातो, पाया पडतो त्याच्या." खात्री आहे का? खात्री आहे असं म्हणायला जीभ उचलली नाही माझी.

रवि. ९ ऑक्टो. कोजागिरी.

खांदा बरा नाही, तरी गाडी काढली. सौ.नं थर्मासमध्ये दूध दिलं, भावजींना दोन चमचे तरी घाला म्हणाली. बोलायला लागली म्हणायची.

स्वातीला आधीच फोन करून सांगितलं होतं, डाव्या पायात चप्पल घालू नकोस, मला पाय दिसू दे.

फाटक उघडं ठेवलेलं. मी गल्लीतून सरळ आत आलो, त्याच्या खुर्चीच्या रोखानं, नेहमीपेक्षा वेगात. नजर त्याच्या पायावर. स्वाती किंचाळली, "काका!" अगदी जवळ आल्यावर उजव्या पायानं ब्रेक दाबला. पुढचं चाक त्याच्या गुडघ्यापासून वीतभर.

पाय हलला नाही. जरासुद्धा नाही. धूर मात्र सगळा त्याच्या तोंडावर गेला. डोळ्यांत पाणी आलं. धुरानं येतंच.

नितीन नुसता माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत होतं, कळलं ना आता?

दूध घातलं दोन चमचे. एक गेला, एक ओघळला. पोर्चमध्ये धडधडीच्या जागी तेलाचा डाग आहे, स्वातीनं राख टाकलीय. जागा रिकामी होती तरी माझी गाडी तिथं लावली नाही. बाहेर लावली.

येताना उतारावर इंजिन बंद केलं आणि विचार करत आलो. स्वतःच्या गाडीला ब्रेक मारला त्यानं, माझ्या गाडीला मारला नाही. आत कुणी नसेल तर मारणार कोण? आणि आत सोपान असेल, तर फवारणी थांबवायला तो कशाला पाय हलवेल?

पुढच्या रविवारी जायचंच आहे.