अकोल्याचा वन्स मोअर

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून पाठ ताठ करून बसतो. चांदूर रेल्वेच्या माळ्याचा मुलगा मी. भाजीची पाटी टाकून नाटक कंपनीत आलो, आणि तुम्ही मला तुमच्या गाण्याच्या साथीला पायपेटीवर बसवलंत. आज राजापेठेत माझं स्वतःचं रेडिओ-ग्रामोफोनचं दुकान आहे. पण गिऱ्हाईक घेणार की नुसतंच विचारून जाणार, हे आवाजावरून ओळखणारा कान तुम्ही दिलेला.

अजून डोळ्यांपुढे आहे: अमरावतीच्या बिऱ्हाडी तुम्ही चुलीपुढे बसून ज्येष्ठमधाचा काढा फुंकताय. कापसाचा हंगाम, जिनातली रुई हवेत, तुमचा घसा धरलेला. दुसऱ्या दिवशी अकोल्याला दुपारचा खेळ, आणि तुम्हाला ऐकायला बोलपटवाले येणार. कंपनी मोडायला आलेली. त्यांनी घेतलं नाही तर तुमचं गाणं तिथंच संपणार. मी म्हणालो, "बाई, उद्या पट्टी थोडी उतरवू?" वर न बघता तुम्ही म्हणालात, "घसा माझा आहे. तू पेटी सांभाळ."

अकोल्याला तुम्ही वरच्या षड्जापर्यंत पोचलात. शेवटच्या श्वासातली खरखर फक्त मला कळली. टाळ्या पडल्या आणि मागून एक जण ओरडला, "वन्स मोअर! बाई, आमी मूर्तिजापूरहून आलो, एकदाच ऐकून जाऊ काय?" सगळं थिएटर त्याला सामील. नाही म्हणावं तर लोक बिथरणार; पुन्हा गावं तर आवाज फाटणार, तोही पहिल्या रांगेत कोट घालून बसलेल्या बोलपटवाल्यासमोर. मी पुन्हा पायानं भाता मारायला लागलो. तुम्ही माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलंत. मी पाय थांबवले. पेटीशिवाय, खालच्या सुरात, शेजारणीला मनातलं सांगावं तसं तेच पद तुम्ही म्हणायला लागलात.

"ऐकू नाही येऊन राहिलं, बाई!"

"मंग चूप बस ना बे," दुसरा म्हणाला, आणि थिएटरच्या टिनाच्या छपराखाली सगळे गप्प झाले.

खेळानंतर कोटवाला विंगेत आला. "पहिलं गाणं नाटकाचं होतं. दुसरं आमचं. मायक्रोफोनला इतकंच लागतं." तो गेल्यावरही तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मागच्या बाकांवरचे लोक माझ्या हातून सुटले रे आता."

पुढे तुमचा पहिला बोलपट अमरावतीला लागला. मी मुद्दाम मागच्या बाकावर बसलो. तुमचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. गाणं संपलं आणि कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं. लोक हसले; तोवर पडद्यावर तुम्ही दुसऱ्या खोलीत निघूनही गेला होतात. घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं, एक येडा ओरडला.

तो मीच, बाई.