योहानाच्या दगडाची रिकामी बाजू

अहो,

हे पत्र मेघना लिहिते आहे. तुमचं अक्षर मोत्यासारखं म्हणायचे लोक. तुमच्या सुनेचं कसं आहे ते मला विचारू नका, मला दोन्ही सारखीच.

लिहायचं कारण असं, की पुढच्या महिन्यात तुम्ही निघालात. वर्षश्राद्धाच्या आधी आपला अवि तुम्हाला आणि मला वाईला नेणार, तुम्हाला कृष्णेत सोडणार. तोवर गॅरेजात आहात, तांब्यात, वरच्या फळीवर, लॉनमोअरच्या डोक्यावर. अस्थी घरात ठेवू नयेत, झाडाला टांगाव्यात. पण हिल्सबरोत झाडाला गाठोडं टांगलं तर लोक पोलीस बोलावतील, म्हणून गॅरेज. दिवसातून चारदा मी तिथे जाते. बटाटे आणायला जाते असं सांगते. मेघना म्हणते, "आई, एवढ्या बटाट्यांचं करायचं काय?"

तुम्ही निघायच्या आत एक विचारायचंय. तुमचं काय राहिलं होतं?

दहाव्या दिवसापासून हे माझ्या घशात अडकलंय. त्या दिवशी आम्ही खाली खाडीवर गेलो, गुरुजींनी पिंड मांडला आणि सगळे आभाळाकडे बघत बसलो. या अख्ख्या ऑकलंडात कावळा नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला? गुरुजी नव्या दमाचे, सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरवर असतात. म्हणाले, "काकू, कुठलाही पक्षी चालेल." एक सीगल आला. सीगल म्हणजे चिप्सचा कागदसुद्धा न सोडणारी जात. तो तुमच्या पिंडापाशी आला, मान वाकडी करून बघितलं आणि चालत निघून गेला. उडालासुद्धा नाही.

मग आपल्यात करतात तसं एकेकानं वचन द्यायला सुरुवात केली. मेघना म्हणाली, ईशाला मराठी वाचायला शिकवीन. काही नाही. मी म्हटलं, रोज तुमच्या वेळेला चहा ठेवीन. काही नाही. मग अवि हळूच म्हणाला, "बाबा, सिगारेट सोडतो." तो ओढतो हे मला तेव्हा कळलं. मेघना आत्ता मान खाली घालून लिहिते आहे, म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. असो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. शास्त्राप्रमाणे झालं सगळं. पण गवताच्या कावळ्याला तुमच्या मनातलं काय कळणार? आयुष्यभर मला कळलं नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. अविनं विचारलं, "आई, तुझं परतीचं तिकीट कुठल्या तारखेचं काढू?" मी म्हटलं, "काढू नकोस." वाईला माझी बहीण आहे, तिच्या घरात एक खोली रिकामी आहे. तिथे मी पायी भाजी आणायला जाईन, भाजीवालीशी भांडेन. इथे भांडायला कोण आहे? मी बोलते मराठी, ईशा उत्तर देते इंग्रजी, आणि तुम्ही होतात ते गेलात. तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी फार गोड बोलतात. गोड बोलणं ऐकलं की मला धडकी भरते.

मी सारखी मनात शोधत होते. काय बरं राहिलं यांचं? खाण्यापिण्याचं राहिलं नाही. नातीचं तोंड बघितलंत. मग वाटलं, त्या वॉल्टरला विचारावं.

तुमचा वॉल्टर! पेनरोजच्या कारखान्यात जन्म घालवून रिटायर झालेला, बायको गेलेली, कुंपणापलीकडे एकटा. पहिल्या दिवशी कुंपणावरून "किया ओरा" म्हणाला आणि तुम्ही "नमस्कार" म्हणालात, झाली दोस्ती. त्याचे पूर्वज जर्मनीतून बोटीनं आलेले, उत्तरेच्या डोंगरात जंगल तोडून शेती केलेली. त्या शेतातच त्यांचं घरचं मसण. पंधरा-वीस दगड, भोवती लोखंडी कुंपण. त्या दगडांवरून त्याला घराण्याची वंशावळ लावायची होती. आणि तुम्ही निघालात मदतीला. शनिवार उजाडला की डबा घेऊन चाललात.

मी किती बोलले त्यावरून. श्राद्धाला गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं की तुम्ही गुरुजींच्याच तोंडाकडे बघायचात, आणि वॉल्टरच्या पिढ्या जेवताना घडाघडा म्हणायचात. हाइनरिखचा कार्ल, कार्लचा ऑटो. आमटी गार व्हायची ऑटोपर्यंत येताना.

पण एक सांगू? मनातून मला गंमत वाटायची. लग्न झाल्यावर मला शिकवायला तुम्ही पाटी आणलीत. मी ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. "अंगठेबहाद्दर" म्हणालात मला. आणि मग म्हातारपणी त्या मसणात उभे राहिलात, तर दगडांवर कसली वेलबुट्टीची जुनी जर्मन अक्षरं, एकही वाचता येईना. वॉल्टरलाही नाही. लढाईच्या काळात ती भाषा बोललं की लोक संशयानं बघायचे, म्हणून त्याच्या घरच्यांनी ती टाकूनच दिली. मग दगडावर पातळ कागद धरायचा, वर काळी मेणकांडी आडवी घासायची, अक्षरं कागदावर उमटायची, आणि तो कागद जर्मनीतल्या कुठल्या लांबच्या बहिणीला पोस्टानं पाठवायचा. तिनं वाचून कळवलं की तुम्हाला कळणार, समोर कोण झोपलंय ते. ड्रॉइंग मास्तर ना तुम्ही, कागद सुरेख निघत असतील. पण अंगठेबहाद्दरच की हो!

"चल ना एकदा," म्हणायचात दर वेळी. मी म्हणायचे, "जिवंतपणी मसणात फिरायला माझे पाय शिवशिवत नाहीत. न्यायचं तेव्हा नेतीलच चार माणसं."

गेल्या शनिवारी गेले. वॉल्टरच्या गाडीत, दुभाषी म्हणून मेघना. डब्यात दहीभात घेतला होता. मेघनाला सांगितलं, जेवायला. पण त्यातला एक गोळा मी वेगळा केळीच्या पानात बांधला होता. सगळ्या वाटेवर मी गप्प होते, म्हणून मेघनाला वाटलं गाडी लागली. तिनं वाटेत एका डेअरीवर, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानापाशी, थांबवून मला आल्याच्या गोळ्या घेऊन दिल्या. खरं तर मी मनात वचनं लावत होते, कुठलं आधी, कुठलं नंतर. आणि सगळ्यात शेवटी, काहीच लागू पडलं नाही तर काढायचं, एक महागाचं ठेवलं होतं. की मी परत येईन. वाईला राहणार नाही. ते द्यावं लागू नये म्हणून देवाला हात जोडत होते.

जागा चांगली आहे, मानलं. मोठाली काळपट झाडं, बाहेर मेंढ्या, आत दगड कलंडलेले. वॉल्टरनं बादली काढली, मऊ ब्रश काढला, कामाला लागला. तारेचा ब्रश नाही लावायचा, दगड सोलतो, हे त्यानं मेघनामार्फत मला सांगितलं. मग एका दगडापाशी नेलं. मधोमध उभी रेघ. एका बाजूला अक्षरं, दुसरी बाजू सपाट कोरी.

"ही योहाना," मेघना सांगू लागली. "सगळ्यात पहिली आली ती. तिचा नवरा म्हाताऱ्या आईला आणायला बोटीनं परत गेला आणि आलाच नाही. बुडाला, की तिकडेच राहिला, कुणाला माहीत नाही. मुलांनी आईचा दगड केला तेव्हा बापासाठी जागा सोडली."

"अजून?" मी विचारलं.

"अजून. त्यालाच शोधतायत हे. बाबाही शोधत होते."

"आणि ही कोरी बाजू कोण घासतं?"

मेघनानं विचारलं. वॉल्टर हसला. "मास्टर," म्हणाला. तुमचं नाव त्याला कधी आलंच नाही वाटतं? तो म्हणाला, मी अक्षरांची बाजू करायचो, मास्टर कोरी. सांगून सांगून थकलो, की तिथे काही लिहिलेलं नाही. तर म्हणायचा, घाण बसली तर पुढं लिहिणार कुठे?

मी मनात म्हटलं, सापडलं. तुमचा जीव त्या योहानाच्या नवऱ्यात अडकलाय. आता त्याला मी कुठून हुडकू?

वॉल्टर आणि मेघना पलीकडच्या दगडाकडे गेले तशी मी पान काढलं, कुंपणाच्या खांबावर गोळा ठेवला आणि मागं सरले. पदर नीट केला, घसा साफ केला. पहिलं वचन तोंडात आलं, आणि अहो, तेवढ्यात झाडावरून एक काळापांढरा पक्षी सरळ खाली आला आणि माझ्या डोळ्यांसमोर गोळा घेऊन गेला. पान खाली पडलं.

मी अजून बोललेच नव्हते.

राग आला मला, खरंच सांगते. वर्षभर मी तुमच्यासाठी गॅरेजाच्या खेपा घालते, एवढी वचनं गोळा करून आणते, आणि तुम्हाला एकही नको? इतकं काही माझ्याकडून नको होतं? मी मेघनाला हाक मारली. "हा कुठला पक्षी गं?" वॉल्टर म्हणाला, मॅगपाय. इथला नाही, ऑस्ट्रेलियातून कुणीतरी आणून सोडला. मेघनानं खाली पडलेलं पान बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही. शहाणी आहे ती. हेही लिही, मेघना. आपल्या हातानं लिही.

मी कुंपणाला टेकले. वॉल्टरच्या ते लक्षात आलं असावं. तो गाडीकडे गेला, डिकीतून घडीच्या दोन खुर्च्या आणल्या. एक मळकी, कापड ढिलं झालेली. ती तुमची, बघताच कळलं. दुसरी नवीकोरी. उघडताना करकर वाजली. खुर्चीच्या हाताला दुकानाचं लेबल तसंच लोंबत होतं.

"ही कुणाची?" मी विचारलं.

मेघनानं विचारलं. मग ते दोघं इंग्रजीतच बोलत राहिले.

"काय म्हणतो तो?"

"आई, ही तुमची आहे. बाबांनी घेऊन ठेवली होती. दर शनिवारी आणायचे. म्हणायचे, आज नाही आली, पुढच्या वेळी येईल."

वॉल्टर खुर्ची धरून उभा होता. मी बसले. बसायला बरी आहे, पाठीला टेकण उंच घेतलंत. माझी कंबर लक्षात होती तुमच्या.

मग आम्ही डब्यातला उरलेला दहीभात खाल्ला, तिघांनी. वॉल्टर "स्वीट ॲज" म्हणाला, इकडे झकासला तसं म्हणतात. बोटं चाटत होता, म्हणजे आवडला असणार. तुम्ही कधी त्याला माझ्या हातचा दिला नव्हता? सगळा डबा एकटेच खात होतात की काय?

तर तुम्ही सुटलात. वर्षभर मी उगाच हिंडले, तुम्ही त्या झाडावर माझी वाट बघत होतात. आता अडकले ती मी. ते महागाचं वचन तसंच माझ्याकडे राहिलंय, कुणी मागितलंच नाही. त्याचं काय करू? काल बहिणीला फोन लावायला ते परदेशी बोलायचं कार्ड खरवडलं आणि नंबर न लावताच ठेवून दिलं. खोलीला रंग दिलाय म्हणे तिनं, माझ्यासाठी. तिला काय सांगू?

आणि डोक्यात एकच येतं. आपल्यात दगड नाही. तुम्हाला नदी घेऊन जाईल, मलाही नेईल, आणि तेच बरं आहे, उगाच कुणाची जागा अडवायला नको. पण ईशाच्या नातवंडाला कधी वॉल्टरसारखा किडा चावला, तर ते कुठे जाऊन कागद घासणार? त्याला निदान कुणीतरी सांगायला हवं, की इथे बस, या खुर्चीत तुझी खापरपणजी बसायची. ईशाला मी सांगेन. ती इंग्रजीत उत्तर देईना का, ऐकते तर मराठीत.

म्हणून मागितलं नसताना देते. ऐका. अविला आज सकाळी सांगितलं, माझंही परतीचं काढ. तुम्हाला कृष्णेत सोडीन, बहिणीकडे महिनाभर राहीन, तिच्या रंगाचं कौतुक करीन, थोडी रडीन, आणि येईन. तुम्ही योहानाच्या नवऱ्यासारखे बोटीनं गेलात असं धरते, पण तुमची वाट कुणी बघणार नाही, बिनघोर जा. इकडे शनिवारी वॉल्टर अक्षरांची बाजू घासेल. कोरी मी घासेन. वाचता येत नाही त्या माणसाला तीच बरी. आणि खुर्चीचं लेबल मी काढलेलं नाही. ते तुम्ही तसंच ठेवलंत, राहू दे.

चहा ठेवायची वेळ झाली. तुमच्या वेळेला ठेवते, ते वचन मोडलेलं नाही.

तुमची,
अगं

(शाईचा अंगठा तिचा, अक्षर मेघनाचं)