सरासरीच्या मापाची पँट

चि. धाकट्यास,

बारा टक्के कुठे आहेत ते आधी सांग, मग तुझी तब्येत विचारते. गेल्या वर्षी माझ्या शिलाईच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलावर बसून (तिथे बसू नकोस सांगूनही) तूच म्हणालास, शेअर बाजारानं तीस वर्षांत सरासरी बारा टक्के दिलेत, ताई, डोळे मिटून टाक. मी डोळे मिटले, काजाच्या मशीनसाठी साठवलेले पैसे टाकले आणि वर्ष भरल्यावर बारा टक्के घ्यायला गेले. बाकी सगळे बरे आहात ना? तुझ्या बायकोच्या गुडघ्याला आराम पडला का? आम्ही ठीक. आता पुढचं ऐक.

पैसे टाकले त्या ऑफिसात एक चष्मेवाला बसतो. त्याला म्हटलं, माझे बारा टक्के द्या, सोमवारी मशीनवाला येतोय. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. बारा सोडा, मुद्दलच नऊ टक्क्यांनी कमी. कुणी घेतले विचारलं, तर म्हणे कुणीच नाही. (मग काय चालत गेले?) मग त्यानं तीस वर्षांची रेघ दाखवली. नवशिक्यानं पहिल्यांदा मशीन चालवावं तशी. एका वर्षी चाळीस वर, एका वर्षी तीस खाली. बरोबर बारा दिलेलं वर्ष दाखवा म्हटलं, तर त्याला एकही सापडेना. मी म्हटलं, साहेब, मीही सगळ्या गिऱ्हाइकांच्या कमरांची सरासरी काढते आणि सरसकट चौतीसच्या पँटी शिवते. किराणावाल्याला मांडीच्या वर चढणार नाही आणि पोस्टमनची रस्त्यात उतरेल. त्यानं हळूच स्वतःचा पट्टा सारखा केला.

मग हे वरखाली होतं कशानं, विचारलं. म्हणाला, कंपन्यांच्या नफ्यानं. हे कळलं, धंदा चालला की भाव चढणारच. मग व्याजदर. बँकेनं व्याज वाढवलं की लोक म्हणतात, घरबसल्या मिळतंय तर जीव टांगणीला कशाला लावा, आणि इथले पैसे तिकडे नेतात. हेही कळलं. मग कुठेतरी लढाई, कुठे तेल महाग. तेही मान्य. शेवटी म्हणाला, भीती. पडेल असं वाटतं म्हणून लोक विकतात, आणि विकतात म्हणून पडतं. (हीच शहाणी माणसं माझ्याकडे कोट शिवायला टाकतात.) मग ते बारा कुणाला मिळाले? तर म्हणे, जे न घाबरता वर्षानुवर्षं बसून राहिले त्यांना.

हे तू बोललाच नाहीस. म्हणजे बोललास, पण ‘तीस वर्षं’ भरभर आणि ‘बारा टक्के’ सावकाश.

तुझे भाऊजी म्हणतात, उरलंय तेवढं काढून घे. त्यांना म्हटलं, तुम्ही बटणं लावा. मी काही काढत नाही. बसून राहायचं म्हणतात तर बसते.

तुझी ताई

ता.क. तुझ्या बायकोचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, बाजार पडला तशी तुझी झोप उडाली आणि तू स्वतःचं सगळं विकून मोकळा झालास. म्हणजे ती भीती कुणाची, ते कळलं.

आणखी एक ता.क. विकून आलेले पैसे बँकेत नुसते पडलेत, तर मशीनचे तूच भर. व्याज सरासरी बारा टक्के देईन. एखाद्या वर्षी चाळीस मिळतील, एखाद्या वर्षी तूच मला तीस द्यायचेस. तीस वर्षांत हिशेब जुळेल. शनिवारपर्यंत हो म्हणून कळव. बायकोला विचारतो म्हणू नकोस, तिला मी विचारलंय.