वाघदेवाजवळचा डबा

नाशिक, डिसेंबर २००६

ती. आई,
इथूनच तुझ्या पाया पडते. दादांचा खोकला थांबला का?

रविवारी ऑफिसातल्या संध्याबरोबर डोंगरात जाते. जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी डबा लपवून जागा इंटरनेटवर देतं, आपण जीपीएस घेऊन शोधायचा. त्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. काळजी करू नकोस. एकटी जात नाही, पाणी आणि शिट्टी जवळ असते, अंधाराआधी उतरतो.

पेठकडचा एक डबा वाघदेवाच्या दगडामागे आहे. दर खेपेला त्यात हिरवी बांगडी असायची. संध्या हौसेने न्यायची.

परवा तिथे झुंबरबाई नावाची म्हातारी भेटली. तिची लेक याच रानात लाकडाला गेली ती परतलीच नाही. हा डबा तिला देवाचा वाटतो, म्हणून लेकीसाठी बांगडी त्यात ठेवते. म्हणाली, "माझी पोर येऊन नेते बाई. जिती हाय ती."

ती गेल्यावर डबा उघडला, आत नवी बांगडी होती. संध्या म्हणाली, राहू दे. पण मग पुढच्या वेळी म्हातारीला ती तिथेच दिसली असती.

माझे मोकळे हात तुला आवडत नाहीत ना? संक्रांतीला येईन तेव्हा हातात एकच हिरवी बांगडी असेल. काढायला सांगू नकोस.

तुझीच,
ज्योत्स्ना