चार गोल खाल्लेली ईरा

मंगळवार संध्याकाळ, अल कुसैस, दुबई

आज ईराची मॅच पहिल्यांदाच पूर्ण पाहिली. खरं तर गेले होते कोचना सांगायला, की दहावीचं वर्ष आहे, शाळेच्या टीममधून हिचं नाव काढा. आणि माझ्या डोळ्यांदेखत हिने चार गोल खाल्ले. गोलकीपर म्हणजे सगळ्यांसमोर चुकायचं काम.

पण प्रत्येक वेळी ती स्वतः जाळीतून बॉल काढायची, पुढे फेकायची आणि ओरडायची, "यल्ला, गर्ल्स, चला!" माझी ईरा, ओरडते? घरी पाहुणे आले की हिच्या तोंडातून शब्द फुटत नाही. गणितात दोन मार्क गेले तर जेवत नाही. मग हे आलं कुठून?

गाडीत विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"ऑफकोर्स आय फेल्ट बॅड, आई. बट द गेम वॉज स्टिल ऑन ना."

घरी येऊन तीन पोळ्या खाल्ल्या, ग्लव्ह्ज बाल्कनीत वाळत घातले आणि अभ्यासाला बसली.

कोचना शेवटी एवढंच विचारलं, की पुढची मॅच कधी. गुरुवारी म्हणाले. क्लासच्या मॅडमना वेळ बदलायला सांगितली आहे.

ते जाळीतून बॉल काढणं काही डोळ्यासमोरून जात नाही. मागच्या महिन्यात क्लायंटसमोर माझे आकडे चुकले, तेव्हापासून मीटिंगमध्ये मी गप्प बसते. किती दिवस?

उद्या सकाळी पुन्हा तोच क्लायंट आहे. बघू, माझ्या तोंडातून शब्द फुटतो का.