बिल्ले परत केले, मग घर कुणाचं?

ब्रॅम्टन, आयोवा
१२ सप्टेंबर १९८८

चि. लुएलास,
अ. उ. आ. इकडील सर्व क्षेम, माझे गुडघे सोडून.

मोठी बातमी अशी, की आपल्या भगिनीमंडळाची इथली शाखा बंद झाली. यंदा मंडळाच्या घरात राहायला कॉलेजातल्या जेमतेम सहा मुली आल्या, त्यातल्या दोघी चुकून. मुख्य मंडळाच्या मिसेस प्रुइट नावाच्या बाई आल्या, पांढरे हातमोजे घालून भिंतीवरची सनद उतरवली, आणि हातमोजे न काढताच माझ्या लिंबाच्या वड्या खाल्ल्या. वर म्हणाल्या की शाखा गेली म्हणजे घरही मंडळाचंच. ते विकणार आहेत. शेजारच्या दातांच्या दवाखान्याला म्हणे गाड्या लावायला जागा हवी आहे. आपल्या आईनं आणि तिच्या मैत्रिणींनी केक विकून विकून उभं केलेलं घर!

वकील ओस्गुड म्हणतात, घाबरू नका. घराचा कागद गावातल्या घर-समितीच्या नावावर आहे. शाखा असो नसो, समिती आहे तोवर घर समितीचं. समिती म्हणजे आम्ही गावातल्या चौघी जुन्या सभासद, आणि संख्या भरावी म्हणून मी घातलेली तू. आता मंडळाला धडा शिकवायचा. आमचे सोन्याचे बिल्ले एका पेटीत घालून त्यांच्या तोंडावर फेकणार आहोत. तुझाही लगेच पाठव.

काळजी मिसेस टिंडलची. मुलींना सांभाळता सांभाळता त्यांचा जन्म खालच्या दोन खोल्यांत गेला. घर गेलं तर या वयात जातील कुठे?

नुसतं हसू नये, उत्तरही लिहावं.
तुझी ताई,
आर्डिथ


टक्सन, ॲरिझोना
२१ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझ्या आज्ञेप्रमाणे आधी हसले, आता उत्तर लिहिते.

त्या प्रुइटबाईला वड्या कशाला घातल्यास? शत्रूला पोटभर खाऊ घालून मग लढाईला निघणारी तूच.

बिल्ला पाठवणार नाही. मंडळावर प्रेम आहे म्हणून नव्हे. स्वयंपाकघराचा पडदा त्यानेच अडकवलाय. काढला तर समोरचे मिस्टर गुथ्री मी सकाळी कोणत्या अवतारात कॉफी करते ते बघतील. उभ्या जन्मात त्या बिल्ल्याचा तेवढाच उपयोग झाला.

आणि त्या घराचं कौतुक मला नको सांगूस. नवी मुलगी घ्यायची की नाही यासाठी आपण पेटीत मणी टाकायचो. एक काळा मणी पडला की मुलगी बाद. ग्रेटा हाफनर बाद झाली, का, तर बाप खाटीक. त्याच रात्री त्याच्या दुकानातलं मांस आपण ताटं पुसून खाल्लं, आणि मग हातात हात घालून भगिनीभावाची गाणी म्हटली. मंडळ चोर आणि तुम्ही साव, असं काही नाही गं. सगळ्या एकाच माळेचे मणी.

मिसेस टिंडल मात्र वेगळ्या. युद्धात नवरा गेलेली पंचविशीची पोर ती, आपल्याहून थोडीशीच मोठी, आणि आपण तिला 'मॉम' म्हणून हाका मारायचो. मला गालगुंड झालं तेव्हा भगिनी झाडून सगळ्या पळाल्या. पाजायला सूप घेऊन त्याच बसल्या होत्या. त्यांच्यासाठी लढणार असशील तर मी तुझ्या मागे आहे.

राग आला तरी लोभ कमी करू नये.
तुझी,
लुएला


ब्रॅम्टन
१९ ऑक्टोबर

चि. लुएलास,
अ. उ. आ. या वेळी मात्र हसू नकोस.

मंडळाचं गोड पत्र आलं, की बिल्ले पोचले, राजीनामे स्वीकारले. नियम असा निघाला, की बिल्ला मंडळाचा, आपल्याला फक्त जन्मभर लावायला दिलेला. परत केला म्हणजे सभासदत्व सोडलं. आणि आपल्याच घर-समितीच्या नियमांत कलम आहे, की तिच्यात फक्त मंडळाच्या सभासद बसू शकतात. म्हणजे चौघींनी आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. प्रुइटबाई दुसऱ्याच दिवशी जागा मोजणारा माणूस घेऊन हजर.

ओस्गुडांनी विचारलं, पाचवी कोण? तुझं नाव सांगितलं, आणि पडद्याचंही. ते खोकला येईपर्यंत हसले. लुएला, समिती म्हणजे आता तू एकटी!

तेव्हा असं कर. ते कलम रद्द कर आणि आम्हाला परत घे. आम्ही तिथे जुन्या सभासदांसाठी छान क्लब काढू. दिवाणखान्यात सगळ्या वर्षांचे फोटो, वसंतात मेळावा. खालच्या दोन खोल्या मात्र सामानाला लागतील. मिसेस टिंडल काही सभासद नव्हत्या, त्यामुळे बाकीच्यांचं म्हणणं पडलं की त्यांची सोय दुसरीकडे व्हावी. एका वृद्धाश्रमाची मी चौकशी केली आहे. बाग सुरेख आहे.

लोभ आहेच, आता सहीही असावी.
तुझी ताई,
आर्डिथ


टक्सन
८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. प्रुइटबाईंचंही पत्र आलं. 'प्रिय भगिनी' म्हणतात. चाळीस वर्षांत यांना बहीण आठवली नाही, घर अडकल्यावर बरी आठवली! मला मानाचं पदक देणार आहेत म्हणे. पडदे मला दोन आहेत, पण दुसऱ्याला चाप आहे.

समितीची सभा घेतली. हजर मी. अध्यक्ष मी, सूचक मी, अनुमोदकही मीच. ओस्गुड फोनवर नोंद करत होते. कलम रद्द केलं. तुम्हा चौघींना परत घेतलं नाही. मिसेस टिंडलना समितीवर घेतलं आणि मग मी राजीनामा दिला. आता समिती म्हणजे मिसेस टिंडल, आणि घर समितीचं. बागेची एवढी हौस असेल तर वृद्धाश्रमात तू राहा.

ताई, मला तुझा फार राग आलाय. प्रुइट परकी, तिच्याकडून काय अपेक्षा? तू चार वर्षं त्या बाईच्या हातचं जेवलीस. फोटो टांगायला भिंत हवी म्हणून तिला उठवायला निघालीस?

एवढं लिहूनही तुझीच धाकटी,
लुएला


ब्रॅम्टन
११ डिसेंबर

चि. लुएलास,
अ. उ. आ. महिनाभर तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

काल मिसेस टिंडलकडे गेले. त्या आता वरच्या मजल्यावरच्या नदीकडच्या खोलीत राहतात. मला त्यांनी कॉफी दिली. मी म्हटलं, झालं ते झालं, वर्षातून एकदा मेळाव्यापुरता दिवाणखाना द्या आणि फोटो भिंतीवर राहू द्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. ना कारण दिलं, ना माफी मागितली. फोटो खोक्यांत बांधून ठेवलेत, न्यायचे तर न्या, म्हणाल्या.

कोपऱ्यापर्यंत रागातच चालत गेले. मग आठवू लागले, की यांनी याआधी आपल्याला 'नाही' कधी म्हटलं होतं? बेचाळीस वर्षांतलं एकदाचंही आठवेना. मी आजवर समजत होते, की बाईंचा स्वभावच गरीब. स्वभाव कसला, लुएला. घर त्यांचं नव्हतं, एवढंच. रस्त्यातच रडू आलं.

खोकी आणायला मंगळवारी जाणार आहे. आधी विचारून.

तुझी ताई,
आर्डिथ