बाहेर जायची तयारी

२ मार्च
मोठ्या साहेबांनी आज स्वतः जेवायला नेलं. टेबलक्लॉथवालं हॉटेल. सूप संपेपर्यंत मुलीच्या शाळेची चौकशी केली. मग म्हणाले, तुझ्यासारख्याने आता बाहेरचा विचार करावा, इथे वर जायची वाट चिंचोळी झालीय. जूनपर्यंत वेळ घे, पगार चालू राहील.
म्हणजे परदेशातलं ऑफिस. अखेर. कुठला देश ते विचारलं नाही. हावरटपणा दिसतो.
आमच्या सल्लागार फर्ममध्ये ठरावीक वर्षांत वरची पायरी चढायची, नाहीतर निघायचं. नियम चांगला आहे. बाकीच्यांना धाक राहतो.

३ मार्च
बायकोला सांगितलं. इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, साहेब नेमकं काय म्हणाले ते शब्द न शब्द सांग. सांगितलं. पुन्हा सांगायला लावलं. आनंद पचायला वेळ लागतो.
तिला बँकेत ब्रँच मॅनेजर करतायत. म्हटलं, नाही म्हणून टाक, जूनमध्ये निघायचंय. बघते म्हणाली.

११ मार्च
माझ्या टीममधल्या चष्मेवालीने राजीनामा दिला. त्याआधी दाढीवाला, त्याआधी ती जुळ्यांची आई. मी घडवायचं आणि दुसऱ्यांनी पळवायचं. चष्मेवालीला विचारलं, माझं काही चुकलं का. म्हणाली, सर, आजोबा आयसीयूत होते तेव्हा तुम्ही फोन करून स्लाइडचा निळा रंग बदलायला लावलात.
निळा खरंच चुकीचा होता.

१२ मार्च
संकल्प: एक परदेशी भाषा शिकणे. कोणती, ते कळल्यावर.

२७ मार्च
गाद्यांच्या कंपनीचं माझं काम 'टाय'कडे दिलं. टाय म्हणजे मीच तयार केलेला पोरगा, बाथरूमलाही टाय लावून जात असेल. जाणाऱ्या माणसावर भार नको, ही साहेबांची दूरदृष्टी. टाय हल्ली फार जपून बोलतो. आजाऱ्याशी बोलतात तसा.

१८ एप्रिल
सासरी जेवताना जाहीर केलं. सासऱ्यांनी देश विचारला. म्हटलं, थंड आहे. मेहुण्याने त्याचा जुना ओव्हरकोट दिला. खांद्यात तंग होतो, पण घेतला. बायको ताटात बघत होती. भावाची दानत बघून भरून आलं असणार.

५ मे
काम नाही. रोज वेळेवर जातो. मी पँट्रीत शिरलो की लोक बोलायचे थांबतात. अशा पोस्टिंगमध्ये गुप्तता लागतेच. एचआरच्या बाईंनी विचारलं, कुठे काही जमलं का. म्हटलं, ते तुम्ही जमवायचं. हसल्या. मग मधेच थांबल्या.
भाषेचं पुढच्या आठवड्यापासून.

२२ मे
बढत्यांची यादी लागली. टायचं नाव आहे, माझं नाही. साहजिक आहे. माझं तिकडच्या यादीत असणार. टायला मिठी मारली. तो आखडला.

१२ जून
साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विमानाच्या तिकिटांचं विचारलं. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, बाहेर म्हणजे फर्मच्या बाहेर. मार्चमध्येच बोललो होतो आपण. तू इतका शांत होतास की आम्हाला सगळ्यांना तुझं कौतुक वाटत होतं.
कारण विचारलं. म्हणाले, तुझ्या हाताखाली माणूस टिकत नाही. म्हटलं, घडलेली माणसं जाणारच. त्यांनी पाणी पुढे केलं.
दुपारीच घरी आलो. बायको रजेवर होती. सांगितलं. म्हणाली, माहीत आहे. इस्त्री करतानाच कळलं होतं. म्हणून बँकेत हो म्हटलं. एक मेपासून ब्रँच मॅनेजर आहे ती. तू विचारलंच नाहीस, म्हणाली.
म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, दोनदा सांगायला बसले. दोन्ही वेळा तू नकाशा उघडलास.
मुलीला तरी आपण नीट समजावून सांगू, म्हटलं. म्हणाली, तिला केव्हाच सांगितलंय. बाबांपाशी विषय काढायचा नाही, असंही सांगितलंय.
मुलीच्या खोलीत गेलो. गणित सोडवत होती. मदत करू का, विचारलं.
वर न बघता म्हणाली, नको, झालंय.